मारुतीच्या शोरूममध्ये तीस लाख मोजायचे का?

कृष्णाकाठचा_मी (सांगली)

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. घरात २०१६ ची अर्टिगा डिझेल आहे, १ लाख ६२ हजार किमी पळलीय, इंजिन अजून खणखणीत. पण आमचे दादा (वडील) आता ७६ चे झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना गाडीत बसवायचं म्हणजे आधी काठी आत, मग ते, मग आई, मग परत काठी बाहेर कारण ती दारात अडकते, असा सगळा कार्यक्रम असतो. माणसं आम्ही सहा. मधे दोन सुट्ट्या खुर्च्या पाहिजेत, ऑटोमॅटिक पाहिजे आणि डिझेल नको, एवढं घरात एकमतानं ठरलंय.

आधी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस बघितली. आवडली. हायब्रिडच्या (पेट्रोल इंजिन अधिक बॅटरीवरची मोटर) वरच्या मॉडेलला वेटिंग होतं म्हणून परत निघालो आणि सहज नेक्सात, म्हणजे मारुतीच्या महागड्या गाड्यांच्या शोरूममध्ये, डोकावलो तर तिथं मारुतीची इन्विक्टो उभी. तीच गाडी, नाक तेवढं वेगळं, आणि तिथला पोरगा म्हणाला साहेब पंधरा दिवसात दारात उभी करतो. घरी येऊन सांगितलं तर मेहुणे हसायलाच लागले, "दाजी, मारुतीला तीस लाख? तेवढ्यात वापरलेली मर्सिडीज येते की!"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. गाडी चांगली आहे हो, त्याबद्दल वाद नाही. पण जिथं लोक अल्टो आणि वॅगन आर घेतात त्या कंपनीत एवढा पैसा घालावा का, पुढं सर्व्हिसचं काय, विकताना काय होतं, कुणी अशी गाडी वापरलीय का? मारुतीच पाहिजे असं नाही, कुठल्याही कंपनीचा अनुभव चालेल. फक्त "ब्रँड बघू नका" असलं काही लिहू नका, ते मलाही कळतंय, पण चेकवर सही करताना हात आखडतो त्याचं काय करायचं ते सांगा.

पेठेतला_पुणेकर

घेऊ नका. सिग्नलला शेजारच्यानं काच खाली करून "नवीन अर्टिगा का हो?" असं विचारलं तर सहन होणार आहे का? होणार असेल तर घ्या.

गिअरबॉक्स

वरचा प्रतिसाद पाटी करून दारावर लावण्यासारखा आहे. असो, मुद्द्याचं बोलू.

इन्विक्टो मारुती बनवतच नाही. बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात हायक्रॉस बनते, तिथंच हीही बनते. २ लिटर पेट्रोल, जोडीला मोटर, दोन्ही मिळून १८६ पीएस, ई-सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअर), कंपनीचा दावा लिटरला २३.२४ किमी. हायब्रिड बॅटरीला दोन्हीकडं ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी. जुलै २०२३ मध्ये आली तेव्हा २४.७९ लाखांपासून होती. फरक काय, तर हायक्रॉसच्या एकदम वरच्या मॉडेलात रडारवालं एडास (समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक वगैरे लावणारी यंत्रणा), पाय लांब करायची ऑटोमन सीट आणि जेबीएलचे स्पीकर मिळतात, इन्विक्टो आली तेव्हा तिच्यात यातलं काहीच दिलं नव्हतं. दादांना ऑटोमन खरंच लागते का ते त्यांना बसवून बघा, माझ्या आईला पाय असे वर करून बसणं अजिबात आवडलं नाही, म्हणाली दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

आणि तीस लाख म्हणताय ते एक्स-शोरूम का ऑन-रोड? महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, हायब्रिडला ईव्हीसारखी सूट नाही, म्हणजे २५ लाखांच्या गाडीला सव्वातीन लाख तिथंच गेले. वर इन्शुरन्स. वर १० लाखांपुढच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विकणारा आधीच कापून घेतो तो इन्कम टॅक्स), पण तो रिटर्न भरताना वळता करून मिळतो, सीएला आठवणीनं सांगा, बरेच जण विसरतात.

मेहुण्यांच्या हसण्याला थोडा आधार आहे मात्र. मारुतीनं हे आधी करून बघितलंय. २०११ ला किझाशी आणली, जपानहून अख्खी आयात, २.४ लिटर, सोळा-सतरा लाख. चालवलेले लोक अजून तिचं नाव काढतात पण घेणारे कुठं होते? काही वर्षांत गाशा गुंडाळला. मग २०१५ ला नेक्सा काढलं आणि पहिलीच गाडी एस-क्रॉस, तिचं १.६ डिझेल मॉडेल पावणेचौदा लाखांपर्यंत गेलं. सहा महिन्यांच्या आत, जानेवारी २०१६ मध्ये, त्यावर दोन लाखांच्या आसपास किंमत उतरवली. आधी घेणारे बसले हात चोळत.

घाटमाथा

एस-क्रॉस १.६ चं नाव काढलंत म्हणून लिहितो नाहीतर मी इथं फक्त वाचायला येतो. माझ्याकडं आहे. २०१८ ला सेकंड हँड घेतली. फियाटचं इंजिन, ३२० एनएम, आंबा घाटात ट्रकच्या मागून बाहेर काढून ॲक्सिलेटर दाबला की मान मागं जाते. ते इंजिन २०१७ ला बंद केलं, आता अशी गाडी कुणी विकायला काढली की आमच्या ग्रुपवर तासाभरात फोन सुरू होतात. कुणी हसायचं ते हसू दे.

गप्प_बसलेला (सातारा)

कंपनीचं नाव घेत नाही, गाडी अजून त्यांच्याकडंच सर्व्हिसला जाते. छोट्या गाड्यांसाठी नावाजलेली कंपनी, तिची त्यावेळची सगळ्यात महाग एसयूव्ही, आमच्या गावात पहिली मी घेतली. पेढे वाटले. गावात पहिली म्हणजे नेमकं काय हे नंतर कळलं.

एका टेम्पोवाल्यानं रिव्हर्स घेताना डावा हेडलाइट फोडला. बास, एवढंच नुकसान. गाडी ४३ दिवस वर्कशॉपला. पार्ट बाहेरून यायचा होता, आज निघेल, उद्या निघेल, कस्टममध्ये आहे, निघालाय. गाडी कोपऱ्यात कडुलिंबाखाली उभी, मी दर शनिवारी बघायला जायचो जसं होस्टेलवरच्या पोराला भेटायला जातात तसं, एकदा गेलो तर बॉनेटखाली मांजरीनं संसार मांडलेला, तीन पिल्लं. शेजारी त्याच कंपनीच्या हॅचबॅक सकाळी यायच्या आणि संध्याकाळी धुऊन-पुसून घरी जायच्या. सर्व्हिस ॲडव्हायझर पोरगा गुणी होता बिचारा पण त्यानं माझ्यादेखत फोन लावून कुणालातरी विचारलं की ह्या गाडीचं बॉनेट कुठनं उघडतं.

गाडी वाईट नाही हे लिहायलाच पाहिजे. आजही हायवेला १०० ला अशी बसते की चहा सांडणार नाही. पण त्या घरात ती एकटी होती, तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं, सगळा त्रास त्यातून आला.

पाना_नंबर_१३

मी वर्कशॉपमध्येच काम करतो, कुठल्या ते सोडा. सातारकर बोलले ते शंभर टक्के. आमच्याकडं गाडी स्वस्त का महाग याचा काही संबंध नसतो, ती महिन्यात लिफ्टवर कितीदा चढते त्यावर सगळं आहे. जी रोज चढते तिचा आवाज गेटमधून ऐकून पोरं सांगतात की सस्पेन्शनची लिंक गेलीय. जी दोन महिन्यातनं एकदा येते तिच्यासाठी आधी मॅन्युअल उघडायचं, मग स्कॅनर अपडेट करायचा, मग पार्ट नंबर शोधायचा, मग तो स्टॉकला नसतो, मग गिऱ्हाइकाचा फोन आला की मी जेवायला गेलोय असं सांगायचं 😄

हायब्रिडला अजून एक गोष्ट. केशरी रंगाच्या जाड केबली असतात, हाय व्होल्टेज, त्याला कुणीही हात लावायचा नसतो. ट्रेनिंग झालेला माणूस लागतो, तो आधी सर्व्हिस प्लग काढतो, रबरी हातमोजे घालतो, थांबतो, मग काम. म्हणून बुकिंगच्या आधी शोरूमला नाही तर वर्कशॉपला जा आणि विचारा की हायब्रिडचं ट्रेनिंग झालेला टेक्निशियन इथं आहे का दुसऱ्या गावाहून येतो. "आहे ना साहेब" म्हणाले की म्हणायचं भेटवा.

इन्विक्टोचं मला एवढंच वाटतं की इंजिन, गिअर, बॅटरी सगळं इनोव्हाचंच आहे, आणि त्या गाड्या रस्त्यावर ढीगभर आहेत, त्यामुळं मशीन म्हणून ती एकटी नाही. वेगळं काय, तर बंपर, ग्रिल, पुढचं तोंड. म्हणजे ठोकली तरच वेगळेपणा भोवेल. झिरो डेप इन्शुरन्स (पार्टच्या पैशात घसारा न कापणारा) घ्या आणि पुढच्याच्या फार जवळ जाऊ नका.

अजून एक, जाता जाता. हवेनं गार होणारी हायब्रिड बॅटरी असली की हवा आत ओढायला सीटजवळ एक जाळी असते, ती तुंबली की बॅटरी तापते. एक गाडी आली, दिवा लागतोय म्हणून मालक घाबरलेला, बॅटरी गेली आता दोन-तीन लाखांना खड्डा. जाळी काढली तर आत भडंग. शेंगदाणे आणि कढीपत्त्यासकट. ब्लोअर मारला, दिवा गेला. तुम्ही सांगलीचे म्हणून मुद्दाम सांगतोय.

जुनं_ते_सोनं (गाड्यांची खरेदी-विक्री, पुणे)

विकतानाचं मी सांगतो कारण रोज तेच करतो. विम्याच्या कागदावर सगळ्या गाड्यांची किंमत सारखीच पडते, पहिल्या वर्षात १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनला ३०, चारला ४०, पाचला ५०. अल्टो असो नाहीतर ऑडी. बाजार मात्र हे टेबल वाचत नाही. इनोव्हा पाचव्या वर्षीसुद्धा मालक टेचात विकतो आणि कुणी न ओळखणारी महाग गाडी तिसऱ्या वर्षीच गिऱ्हाइकाच्या पाया पडते.

अल्टुरास जी४ आठवते का? महिंद्राची, नोव्हेंबर २०१८, २६.९५ लाखांपासून. मुळात कोरियाच्या सँगयाँगची रेक्स्टन, आपल्या चाकणला जोडायचे. मर्सिडीजचा ७ स्पीड गिअरबॉक्स, ९ एअरबॅग, काय नव्हतं तिच्यात? पण त्या पैशात लोक डोळे झाकून फॉर्च्युनर बघायला जायचे. मग डिसेंबर २०२० ला सँगयाँगनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२२ ला इकडं गाडी बंद. सेकंड हँड घेणाऱ्याला अशी गाडी म्हणजे लॉटरी, पहिल्या मालकाला विचारू नका.

आता गंमत बघा, तीच महिंद्रा, आणि २०२१ ला एक्सयूव्ही ७०० आली, वरचं मॉडेल २० लाखांच्या पुढं, बुकिंग उघडल्यावर पहिल्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत गेल्या. तिथं कुणी म्हणालं नाही की महिंद्राला वीस लाख कशाला. गिऱ्हाइकाला कंपनी स्वस्त का महाग याच्याशी देणंघेणं नसतं, शेजाऱ्यानं घेतलीय का एवढंच तो बघतो. इन्विक्टो महिन्याला शेकड्यात खपते आणि इनोव्हा हजारांत. म्हणजे मला विकायला आलात तर मी तुम्हाला हायक्रॉसपेक्षा कमीच देणार, आणि त्याला कारण "मारुती" हेच सांगणार, आत्ताच सांगून ठेवतो. दहा वर्षं वापरणार असाल तर त्यानं काही बिघडत नाही. चार वर्षांनी बदलायची सवय असेल तर टोयोटाच्या रांगेत उभे राहा.

मेहुण्यांची वापरलेली मर्सिडीज घ्यायला येते तीस लाखांत, पण तिची बिलं नवीन मर्सिडीजचीच येतात. आणि तुम्ही सहा जण त्यात बसणार कुठं?

टेक्सासचे_तात्या

तिकडची चर्चा वाचून मजा वाटली, इकडंही हेच आहे. किआनं इथं के९०० नावाची मोठी सेडान आणली होती, ५ लिटरचं व्ही८, साधारण ६० हजार डॉलर. २०१४ साली किआला ६० हजार द्यायचे म्हटल्यावर लोक असेच हसले, तुमच्या मेहुण्यांसारखे. मी तीन वर्षांची जुनी घेतली, नवीनच्या निम्म्याहून कमी पैशात. आमचे भारतातले पाहुणे आले की मागं बसून विचारतात ही कुठली बेंटली आणि मी काही बोलत नाही 😄 इथल्या बाजारातून ती २०२० नंतर गेली. ह्युंदाईनं शहाणपणा केला, २०१५ लाच जेनेसिस वेगळी काढली, वेगळं नाव, वेगळा बिल्ला, जसं टोयोटानं १९८९ ला लेक्सस काढली होती. म्हणजे कंपन्यांनाही हे दुखणं माहीत आहे, बिल्ला बदलायला उगाच पैसा घालत नाहीत ते.

तुमच्याकडं दोन-तीन वर्षं जुनी इन्विक्टो बघितलीत का? पहिल्या मालकानं जे घालवलं ते तुमचं वाचेल.

कृष्णाकाठचा_मी (सांगली)

सगळ्यांचे आभार, मांजरीच्या पिल्लांचं पुढं काय झालं तेही सांगा.

तात्या, जुनी शोधली, या भागात मिळत नाही, जी एक मिळाली ती ठाण्याला आणि मालक दोन लाखसुद्धा कमी करायला तयार नाही. पाना_नंबर_१३ म्हणाले तसं शनिवारी आधी वर्कशॉपला गेलो. हायब्रिडचा माणूस भेटवा म्हटल्यावर तिथला सुपरवायझर जरा बघतच राहिला, पण भेटवला. चाळिशीचा माणूस, हात काळे, म्हणाला या महिन्यात हायब्रिडच्या नऊ गाड्या केल्या, त्यात ग्रँड व्हिटारा जास्त, इन्विक्टो दोन. खोटं बोलायचं असतं तर दोन नसता म्हणाला.

मग तिथूनच टेस्ट ड्राइव्ह, दादा, आई आणि मेहुणे पण (मुद्दाम नेलं). दादा काठीसकट स्वतः चढले. कुणी हात दिला तर झटकला. मेहुणे मधल्या खुर्चीत बसले, मिरजेपर्यंत मारुतीवर भाषण, आणि परत येताना अंकलीच्या आधीच घोरायला लागले.

खालचं मॉडेल घ्यायचं ठरतंय, दहा वर्षं ठेवणार, त्यामुळं पुणेकर व्यापाऱ्यांनी मला कमी देण्याची तयारी आत्ताच करू नये. सिग्नलला कुणी अर्टिगा म्हणालंच तर हो म्हणेन, नऊ वर्षं तेच ऐकलंय. आता जुनी अर्टिगा एक्स्चेंजला द्यावी का बाहेर विकावी, शोरूमवाले म्हणतात ४ लाख २०, गल्लीतला एकजण पावणेपाच म्हणतोय पण पैसे दोन हप्त्यांत देतो म्हणतो. काय करू?

जुनं_ते_सोनं (गाड्यांची खरेदी-विक्री, पुणे)

दोन हप्त्यांत असेल तर आरसी बुक दुसऱ्या हप्त्यालाच द्यायचं. फोटो पाठवा, टायर किती राहिलेत?