वृंदावनातली तुळस माना टाकते आहे, वाचवता येईल का?

प्रश्न (नाशिकहून):
आमच्या गॅलरीत सिमेंटचे लहान वृंदावन आहे. सासूबाईंनी गावाकडच्या तुळशीच्या मंजिऱ्या आणून, त्यांतून उगवलेले रोप यंदा तुळशीच्या लग्नाआधी त्यात लावले. लग्न लागले तेव्हा ते भरगच्च होते. आता पौषात मात्र खालची पाने पिवळी पडून गळत आहेत आणि शेंडे माना टाकतात. पूजेनंतर रोज एक तांब्या पाणी घातले जाते, शिवाय रोप सुकलेले पाहून मीही संध्याकाळी पाणी घालू लागले, तरी फरक पडत नाही. बाजारातून दुसरे रोप आणणे सोपे आहे, पण आम्हाला हेच जगवायचे आहे.

उत्तर १:
संध्याकाळचे पाणी आजच थांबवा. मातीत दोन पेरांपर्यंत बोट खुपसून पाहा; तिथे ओल लागत असूनही रोप माना टाकत असेल, तर ते तहानलेले नाही, त्याची मुळे गुदमरली आहेत. साचलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्यामुळे वरून रोप सुकल्यासारखे दिसते. त्यात थंडीत तुळशीची वाढ मंदावते आणि तिला पाणी कमी लागते. वृंदावनाला तळाशी भोक आहे का, हे आधी पाहावे. शोभेच्या अनेक वृंदावनांना ते नसते, आणि माझ्या मते तुळशी दगावण्याचे हेच मोठे कारण आहे. खत आत्ता अजिबात घालू नये.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. रोपावर मंजिऱ्या असतील तर त्याही खुडाव्यात, कारण बी धरण्यात रोपाची उरलीसुरली शक्ती खर्च होते. मंजिऱ्या खुडणे घरातल्यांना रुचत नसेल, तर सकाळी खुडून त्या पूजेत विठ्ठलाला वाहाव्यात. आमच्या घरी द्वादशी सोडून हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे.

प्रश्नकर्ती:
भोक नव्हतेच. आज रोप मातीच्या गोळ्यासह अलगद काढले, तेव्हा तळाच्या चिखलाला आंबूस वास येत होता. खालची मुळे तपकिरी होती आणि चिमटीत धरताच त्यांची साल सुटून आली. वरच्या बाजूची काही मुळे मात्र पांढरी आणि टणक आहेत. आता पुढे काय करावे?

उत्तर १:
पांढरी मुळे आहेत म्हणजे आशा आहे. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत माती आणि वाळू समप्रमाणात घालून रोप लावावे आणि मुळे कमी झाली तेवढ्या फांद्याही छाटाव्यात. छाटलेल्यांपैकी मंजिरी नसलेले चार-पाच इंचांचे हिरवे शेंडे घ्यावेत, खालची पाने काढून ते पाण्याच्या पेल्यात ठेवावेत आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. मूळ रोप दगावले तरी याच तुळशीची रोपे हाती राहतील. पूजेचे पाणी चमचाभर पुरे. उरलेले ताम्हनात सोडावे.

प्रश्नकर्ती (अठरा दिवसांनी):
पेल्यातल्या पाच शेंड्यांपैकी तिघांना पांढरी मुळे फुटली आहेत. कुंडीतल्या रोपाची जुनी पाने सगळी गळाली; मात्र आज सकाळी खोडावर, छाटलेल्या फांदीच्या बगलेत, मोहरीएवढा जांभळट कोंब सासूबाईंना दिसला. त्यांनी मला हाक मारून तो दाखवला आणि आज कुंडीत पाणी घातले नाही.