मदत हवी आहे: तत्त्वज्ञानाची पीएच.डी. संपत आली, अध्यापनात थांबावं की बाहेर पडावं?

नमस्कार मंडळी,

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहितेय. तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. पुढच्या सत्राला बोलावणार की नाही, हे सत्र तोंडावर येईपर्यंत कळत नाही. आता एका सॉफ्टवेअर कंपनीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिक बाजू तपासण्याचं कायम स्वरूपाचं काम मिळतंय. महिनाअखेर होकार-नकार कळवायचाय.

तत्त्वज्ञानाचा उपयोग काय, हा माझा प्रश्न नाही. परवा वर्गात ह्यूम हा तत्त्वज्ञ घेतला. सूर्य उद्याही उगवेल, हे कशावरून? मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "निसर्गाचे नियम बदलत नाहीत." मी विचारलं, हे कशावरून? "आजवर बदलले नाहीत म्हणून..." म्हणाला आणि तिथेच थांबला. आपण फिरून मूळ जागीच आलो, हे त्याचं त्यालाच उमगलं. हे सोडून जायला जीव होत नाही.

पण २०१० मध्ये लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठाने तत्त्वज्ञानाचे अभ्यासक्रम बंद करायचं ठरवलं, तेव्हा २००८ च्या संशोधन मूल्यमापनात तिथला सर्वांत वरचा विषय तोच होता. चांगलं काम करूनही विभाग वाचत नसेल, तर माझ्यासारखीने कशाच्या भरवशावर थांबायचं?

"स्पिनोझा भिंगं घासून जगला, तूही नोकरी करून लिही," असं मित्र सांगतात. मला मात्र दुसरा तत्त्वज्ञ, कांट, आठवतो. १७५५ पासून पंधरा वर्षं तो मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर शिकवत होता. १७७० मध्ये प्राध्यापकपद मिळालं, पुढे जवळजवळ अकरा वर्षं त्याने फारसं काही छापलं नाही, आणि मग १७८१ मध्ये 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' हा त्याचा गाजलेला ग्रंथ आला. एवढी उसंत आज प्राध्यापकांनाही मिळते का? मिळत नसेल, तर मी नेमकं कशासाठी थांबतेय?

जे बाहेर पडलेत त्यांनी कृपया सांगा: दिवसभराच्या कामानंतर खरंच लिहून होतं का? कंपनीत काही वर्षं काढून कुणी विद्यापीठात परतलंय का, आणि निवड समितीने ती वर्षं कशी धरली? निवड समितीवर बसलेलं कुणी असेल तर आणखी एक. ज्ञानमीमांसेतला (ज्ञान म्हणजे काय, ते कशावरून, याचा विचार) प्रबंध आणि जोडीला उपयोजित नीतिशास्त्राचे एक-दोन लेख, असं चालतं की दोन्हीकडून अर्धवट दिसतं?

मार्गदर्शक "थांब" म्हणतात. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, पण ते रुजू झाले तेव्हा जागा निघत होत्या.