मंडईतल्या 'फूड वॉक'ला पैसे देऊन जावं का?

शनिपार_कट्टा

हल्ली शनिवार-रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईत आठ-दहा जणांचे ग्रुप फिरताना दिसतात, पुढे गाईड आणि मागे मोबाईल वर धरलेली मंडळी. माणशी हजार-दीड हजार घेतात. मंडईत एक चक्कर, एखाददुसरं फळ चाखायचं, मग तुळशीबागेत मिसळ, मस्तानी, जाता जाता बाकरवडी, असा साधारण तीन तासांचा कार्यक्रम. आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी लिहिलं की पुण्याच्या माणसाने मंडई बघायला पैसे मोजायचे म्हणजे कमाल झाली, पिशवी घ्या आणि जा की. मला ते पटलं नाही म्हणून इथे मांडतेय.

माझं मत, जावं. आणि बाहेरच्यांपेक्षा आधी पुणेकरांनी जावं. आपल्यातले बरेच जण आता मंडईत जातच नाहीत, दहा मिनिटांत दारात येणाऱ्या भाजीवर घर चालतं आणि त्या ॲपवर पालक-मेथी-कोथिंबिरीच्या पुढे फारसं काही नसतं. चाकवत आणि चंदनबटवा शेजारी शेजारी ठेवले तर माझ्या ऑफिसातल्या फार थोड्यांना ओळखता येतील. आंबट चुका, अंबाडी, घोळ, पावसाळ्यात करटोली, जानेवारीत भोगीच्या भाजीचा पावटा, घेवडा, ओला हरभरा, सगळं तिथे एका फेरीत बघायला मिळतं, आणि कोणी जुडी हातात देऊन सांगितलं की हा चाकवत, याची ताकातली पातळ भाजी करायची, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालायचे, तर माणूस ती जुडी घरी नेतो. हे सांगणारं माणूस आता प्रत्येकाच्या घरात नाहीये.

शिवाय ती इमारत! मधला अष्टकोनी भाग, वरचा मनोरा, आपण खाली कांद्याचा भाव विचारतो आणि मान वर करत नाही. 1886 साली बाजार सुरू झाला तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट. जोतीराव फुले नगरपालिकेत सदस्य होते तेव्हा त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं, आणि पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. एवढी मोठी गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही, वॉकवर कळली. त्याचे पैसे दिले तर काय बिघडलं?

पेठेतला_जुना

ताई, फुल्यांची गोष्ट अगदी खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. तुम्हीच लिहिलेला कार्यक्रम परत वाचा. मंडईत एक चक्कर आणि एखादं फळ, बाकी सगळं खाणं हॉटेलात आणि दुकानात. म्हणजे नाव मंडईचं, फोटो मंडईचे आणि पैसा खर्च होतो बाहेर. मिसळ, मस्तानी, बाकरवडी मिळायची ठिकाणं पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहेत, तिथे रांगेत उभं राहायला गाईड कशाला?

आणि बाजार शिकायचा तर गिऱ्हाईक होऊन शिकावा लागतो. एकाच गाळ्यावर दर आठवड्याला जा, दोन महिन्यांत ती बाई स्वतःहून सांगते की आज गवार घेऊ नका जून आहे, उद्या या. वांगी भरायला हवीत का भाजायला ते विचारून तशी काढून देते. हे तीन तासांच्या फेरीत मिळत नाही आणि विकतही मिळत नाही. आता तर 2024 च्या सप्टेंबरपासून मेट्रोचं मंडई स्टेशन सुरू झालंय, गाडी कुठे लावू हे कारणही उरलं नाही. पिंपरीहून बसा आणि थेट मंडईत उतरा.

लातूरकर_कोथरूडात

पेठेतला दादा, तुमचं बोलणं ज्याचं बालपण तिथे गेलं त्याला लागू आहे. मी बाहेरून आलोय. गावाकडच्या बाजारात मी डोळे मिटून फिरेन, पण इथे सुरुवातीला गाळ्यासमोर उभं राहून हे काय आहे असं विचारायचीच लाज वाटायची, मागे माणसं उभी, पुढे भाव सांगून झालेला, घ्यायचं तर घ्या. मग माणूस टोमॅटो आणि बटाटे घेऊन निघतो.

वॉकला गेलो तेव्हा विचारायला मोकळीक मिळाली. आणि मजा म्हणजे अंबाडीची जुडी बघून गाईडने विचारलं कोणाला माहितीय का, तर मीच सांगितलं की आमच्याकडे ती उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या घालून करतात आणि वरून लसणाची फोडणी ओततात, बरोबर ज्वारीची भाकरी. सगळ्यांनी ऐकून घेतलं, दोघींनी लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी मंडईत एकटा जातो, दर रविवारी. तुम्ही म्हणता तसा गिऱ्हाईक झालोच की, पण आधी कोणीतरी आत नेलं म्हणून.

गाळ्यावरची

आमचा मंडईत फळांचा गाळा आहे, आजोबांपासून. मी कॉलेज करून सकाळी बसते, म्हणून आमच्या बाजूचं लिहिते कारण वर कोणीच लिहिलं नाही.

घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, त्यामुळे वडील पहाटेच तिकडे जातात, माल आणायचा, उतरवायचा, निवडायचा, डागी बाजूला काढायचा, मग मांडायचं. सकाळची वेळ आमच्या धंद्याची. रोजची गिऱ्हाइकं तेव्हाच येतात, ऑफिसला जायच्या आधी. आणि नेमकं तेव्हाच दहा जण वाटेत अर्धगोल करून उभे राहतात. पिशवी घेतलेल्या आजी मागे थांबून थांबून दुसऱ्या गाळ्यावर जातात, हे मी बघितलंय.

दुसरं म्हणजे चाखायचं. पुरंदरचे अंजीर घ्या, 2016 ला त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, खट्टा आणि मीठा असे दोन बहार येतात हे सगळे गाईड छान सांगतात. पण अंजीर इतकं नाजूक की आदल्या दिवशी झाडावरून काढलेलं दुसऱ्या दिवशी विकलं जायलाच हवं. चार जणांनी दाबून बघितलं की ती चार अंजिरं संपली, ती कोणी घेत नाही. सीताफळाचं तेच, पिकलेलं फळ हातात फिरलं की उलतं. एका टूरवाल्याने आमच्याकडून पेरू, अंजीर कापून घेतले, फोटो काढले, माहिती विचारून घेतली आणि जाताना थँक्यू म्हणाला. एकानेही पाव किलो घेतलं नाही, कारण सगळ्यांना पुढे मिसळ खायची होती. त्या फळांचे पैसे कोणी द्यायचे?

टूर नको असं मी म्हणत नाही. एक गाईडताई येतात त्या आदल्या दिवशी फोन करतात, चाखायच्या फळांचे पैसे आधी देतात आणि ग्रुप दुपारी आणतात. त्यांचं मनापासून स्वागत आहे.

वॉक_घेणारी

मी हेच काम करते (वर उल्लेख झालेली ती मी नाही). गाळ्यावरची, तू लिहिलंस ते चूकच आहे, फळ कापून घेऊन पैसे न देणं याला कुठलंच समर्थन नाही.

पण पेठेतला काका, गाईडचं काम म्हणजे रस्ता दाखवणं एवढंच नसतं हो. कुठल्या महिन्यात काय येतं, कुठून येतं, कोणाच्या घरात कसं करतात, हे मी अनेक वर्षं विचारत, वाचत, रांधत गोळा केलंय. लोक दोन तासांच्या सिनेमाला आणि पॉपकॉर्नला एवढे पैसे देतात आणि कोणी विचारत नाही की गोष्ट फुकट का सांगितली नाही. सकाळची वेळ का, तर दुपारनंतर मिसळ संपते आणि उन्हाळ्यात अकरानंतर मोठ्या वयाच्या लोकांना चालवत नाही. मंडईतला वेळ कमी पडतो हे मात्र मान्य आहे, उपाशी पोटी आलेल्या माणसांना अळूच्या देठांबद्दल अर्धा तास ऐकवता येत नाही. मी सहाच्या वर माणसं घेत नाही आणि वाटेत उभं न राहता कडेला उभी करते.

पेठेतला_जुना

ज्ञानाचे पैसे घ्या, जरूर घ्या, मी त्याला कधीच नाही म्हटलं नाही. पण तुम्ही जे गोळा केलंत म्हणता त्यातलं निम्मं कोणाकडून? गाळ्यावरच्या बायकांकडून. त्यांनी ते तुम्हाला गिऱ्हाईक समजून, आपलं माणूस समजून सांगितलं आणि आता तेच माणशी दीड हजाराला विकलं जातं, तर त्यातला वाटा त्यांच्याकडे कसा जातो हे मला कोणीतरी सांगा. हॉटेलवाल्याला प्लेटमागे पैसे मिळतात, गाईडला मिळतात, बुकिंग घेणाऱ्या वेबसाईटलाही मिळतात. जिच्या गाळ्यासमोर फोटो निघतो तिलाच नाही. माझा राग तेवढ्यावर आहे, आणि तो वॉक बंद करा म्हणून नाही तर हिशोब नीट करा म्हणून आहे.

सहकारनगरची_सुगरण

मला तर वाटतं टूरचा शेवटच चुकीच्या ठिकाणी होतो. हॉटेलात नाही, स्वयंपाकघरात व्हायला हवा. मंडईतून प्रत्येकाने चाकवत घ्यायचा, ताक घ्यायचं, मुळशीकडचा आंबेमोहर मिळाला तर तो (त्यालाही जीआय आहे, पण आंबेमोहर म्हणून दुसराच बारीक तांदूळ गळ्यात मारणारे आहेत, तेव्हा ओळखायला शिकवा), आणि कोणाच्या तरी घरी जाऊन एकत्र रांधायचं, जेवायचं. मऊ आंबेमोहर भात आणि चाकवताची पातळ भाजी ज्याने खाल्ली तो परत मंडईत येणारच. मिसळ खाल्लेला परत मिसळ खायला येतो, मंडईत कशाला येईल?

कापलेल्या उघड्या फळांबद्दल पण बोला कोणीतरी, पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन आलेले आईबाप असतात. हात धुवायला पाणी आणि स्वच्छ सुरी एवढं गाईडने बरोबर ठेवावं.

लातूरकर_कोथरूडात

स्वयंपाकघरवाली कल्पना भारी आहे, पण बाहेरगावचा पाहुणा एका दिवसासाठी आलेला असतो, त्याला चाकवताची जुडी देऊन काय करणार, हॉटेलच्या रूमवर? त्याच्यासाठी चाखणंच ठीक आहे. दोन वेगळ्या टूर हव्यात असं वाटतं, पाहुण्यांची वेगळी आणि इथे राहणाऱ्यांची वेगळी.

शनिपार_कट्टा

गाळ्यावरची, तू लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. जावं या मतावर मी ठाम आहे, पण बुक करताना आता एक प्रश्न विचारायचाच, की फीमधले किती पैसे मंडईतल्या गाळ्यांवर खर्च होतात. हॉटेलातल्या प्लेटचे आधीच धरलेले असतात, तसे गाळ्यावरच्या फळांचे आणि वेळेचेही धरा. माणशी शंभर रुपये बाजूला काढले तरी दहा जणांचे हजार होतात, त्यात टोपलीभर फळं आधीच विकत घेऊन सगळ्यांना वाटता येतात, दाबादाबी पण नाही. पेठेतला काका म्हणतात तो हिशोब हाच ना?

पेठेतला_जुना

फळांचा हिशोब झाला. माहितीचा नाही झाला. ती बाई दहा मिनिटं बोलली तर तिचेही पैसे वेगळे द्या, गाईडला देता तसे. आणि रविवारी सकाळी ग्रुप नकोच, तेव्हा गावातली माणसं आठवड्याची भाजी भरायला येतात, चालायला जागा नसते.

वॉक_घेणारी

बोलण्याचे पैसे द्यायला माझी तयारी आहे, पुढच्या फेरीपासून देते. पण रविवार बंद करणं मला परवडणार नाही काका, नोकरी करणारे लोक दुसऱ्या कुठल्या दिवशी येणार? उशिरा सुरू करता येईल, मिसळ आधी आणि मंडई साडेअकरानंतर. गाळ्यावरची, चालेल का?

गाळ्यावरची

साडेअकरा चालेल, तोपर्यंत सकाळची गर्दी ओसरते. रविवारचं बाबांना विचारून सांगते, शेजारच्या भाजीच्या गाळ्यांचं मत वेगळं असू शकतं, त्यांची रविवारची गर्दी एकपर्यंत असते. आणि बोलण्याचे पैसे आईला द्या, माहिती सगळी तिच्याकडे आहे.