टीव्हीवर 11.3 चॅनेलचं चित्र 11.1 पेक्षा मळकट का दिसतं?

सिंहगडरोडवाली:
सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेय, शिकागोजवळ नेपरव्हिलला. घरात केबल नाही, दोघं सगळं फोनवर बघतात. मी कुरकुर केली तेव्हा लेकाने खिडकीच्या काचेवर कागदासारखा चपटा अँटेना चिकटवून दिला. महिन्याचं बिल नाही आणि चॅनेलच चॅनेल!

त्यात माझा जीव जडलाय 11.3 वर. 11 म्हणजे डब्ल्यूटीटीडब्ल्यू, इथलं सार्वजनिक केंद्र, आणि 11.3 त्याचं धाकटं भावंड 'क्रिएट'. स्वयंपाक, शिवण, सुतारकाम, प्रवास, दिवसभर हेच. रिक बेलेस म्हणून आहे, शिकागोतच त्याचं हॉटेल आहे, तो मेक्सिकन रांधतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटायचा आणि त्याच्या पोळ्या! (आपण भाकरी थापतो, हे लोक दाबयंत्रात दाबतात. थापणाऱ्याही असतील म्हणा.)

तर अडचण अशी, 11.1 लख्ख दिसतं आणि 11.3 वर शर्टाच्या चौकड्या विरघळल्यासारख्या. अँटेना फिरवू का? पुण्यात आमचे भाऊ गच्चीवर चढून सिंहगडाकडे तोंड करायचे, मी खालून ओरडायचे, "आल्या, मुंग्या परत आल्या!"

ओकपार्ककर:
मावशी, अँटेनाला हात लावू नका! 11.1 आणि 11.3 एकाच लहरीवर स्वार होऊन येतात, एक नीट येतं म्हणजे दुसरंही येतंय. जून 2009 मध्ये इथली मोठी केंद्रं पूर्ण डिजिटल झाली. प्रत्येकाकडे लहरींची 6 मेगाहर्ट्झ जागा, त्यात सेकंदाला साधारण 19 मेगाबिट माहिती मावते. पूर्वी तेवढ्या जागेत एकच चॅनेल बसायचं, आता त्याच पातेल्यातून तीन-चार पानं वाढतात. थोरल्याला डाव भरून, धाकट्याला पळीभर. म्हणून चौकड्या विरघळतात. मुंग्यांचा जमाना गेला, आता सिग्नल कमी पडला तर चित्र चौकोनाचौकोनांत फुटतं, नाहीतर थिजतं.

आणि आकड्यांवर जाऊ नका. 2.1 प्रत्यक्षात 12 नंबरच्या लहरीवरून येतं, 2 ही नुसती जुनी पाटी.

बर्विनचा_बंड्या:
काकू, मी-टीव्ही हे जुन्या मालिकांचं चॅनेल लागतं का बघा. नाव मराठी वाटतं, जन्म शिकागोचा. डिसेंबर 2010 पासून देशभर पसरलं, तेही बऱ्याच गावांत कुठल्यातरी मोठ्या केंद्राचं पॉइंट-टू, पॉइंट-थ्री म्हणून. शनिवारी रात्री स्वेनगुली येतो: शवपेटीतून उठतो, जुना भुताचा सिनेमा दाखवतो, फालतू विनोद करतो आणि रबरी कोंबड्यांचा मार खातो. आमच्या बर्विन गावाची टिंगल तर ठरलेली!

अशा चॅनेलांना जुन्या मालिका स्वस्तात पडतात. प्रेक्षक कोण धरलाय ते जाहिरातींवरून कळतं: कानाची यंत्रं, म्हातारपणाचा विमा.

सिंहगडरोडवाली:
म्हणजे मीच की! पण रबरी कोंबड्या नकोत बाबा, आमचं 11.3 मळकट असलं तरी बरं.

आता दुसरा प्रश्न. तो मक्याचा प्रकार करून बघायचाय. इथे खायचा चुना कुठे मिळेल? पानाच्या डबीतला चालेल का?

ओकपार्ककर:
डबीतला नको. मेक्सिकन किराणा दुकानात 'काल' (cal, म्हणजे स्पॅनिशमध्ये चुना) म्हणून मागा, पांढरी पूड असते. मका नंतर खळखळून धुवा.