केनियात स्वयंसेवक म्हणून जायचंय, एजन्सीला पैसे भरू का?

प्रश्न (कोल्हापूर): मी फिजिओथेरपिस्ट, शाळेपासून फुटबॉल खेळते. नैरोबीच्या मथारे वस्तीतल्या मुलांसोबत काम करायची फार इच्छा आहे. एक एजन्सी दोन आठवड्यांचे दीड लाख मागतेय. भरू का?

उत्तर (केनियातल्या किसुमूत नर्स होते): नका भरू, ताई. दोन आठवड्यांत मुलं जीव लावतात आणि आपण निघून येतो. मागे ती किती हिरमुसतात ते मी पाहिलंय. मथारेत १९८७ पासून एमवायएसए ही क्रीडासंस्था आहे. वस्तीची साफसफाई केली की तिथे संघाला लीगचे गुण मिळतात! खेळ शिकवणारे तिथे आहेतच. तुम्ही प्रशिक्षकांना गुडघा-घोट्याच्या दुखापती हाताळायला शिकवा, ते तुमच्यानंतरही टिकेल. आधी मेल करून त्यांची गरज विचारा. आणि कुणी अनाथाश्रमात पाठवतो म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

उत्तर (पुणे): यलो फिव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या. परतताना भारतात दाखला तपासतात.

प्रश्नकर्ती: एजन्सीला आजच नकार कळवते. हिवतापाच्या गोळ्या लागतील?

उत्तर (किसुमूत नर्स होते): नैरोबीत धोका कमी, व्हिक्टोरिया सरोवराकडे भरपूर. तिकडे जाणार असाल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू करा.