रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतर लघवीचा जंतुसंसर्ग थांबत नाही, मदत हवी आहे

काका, वय ६८. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी १४ महिन्यांपूर्वी रोबोटिक शस्त्रक्रिया झाली. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी) ०.०१ पेक्षा कमी. अलीकडे तीनदा लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) पॉझिटिव्ह आलं. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की जळजळ परत. धार बारीक, युरोफ्लोमेट्रीत (धार मोजण्याच्या तपासणीत) क्यूमॅक्स, म्हणजे धारेचा सर्वाधिक वेग, ८ मिली प्रति सेकंद. लघवीनंतर ९० मिली उरते. एक्स-रेत खडा नाही. पुढे काय विचारावं?

प्रतिसाद:
पीएसए इतका कमी असताना कर्करोग उलटल्याची शंका मागे पडते. क्यूमॅक्स ८ म्हणजे बहुधा वाटेत अडथळा आहे. नेहमीचं कारण म्हणजे प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग शिवून केलेला जोड आकसणं. दुर्मीळ, पण हमखास नजरेतून सुटणारं कारण म्हणजे शस्त्रक्रियेत लावलेली क्लिप आत सरकणं.

प्रोस्टेटच्या बाजूच्या रक्तवाहिन्या बंद करायला हेम-ओ-लॉक नावाची क्लिप लावतात. शेजारचे मज्जातंतू वाचवायचे असले की तिथे विजेचा चटका नको असतो, म्हणून क्लिप. ती विरघळत नाही. जोडाला खेटून राहिली, त्यात जोडातून लघवी गळून सूज आली, तर ती भिंत कुरतडत आत येऊ शकते. मग तिच्यावर क्षार साचतात आणि जंतू ठाण मांडतात. अँटिबायोटिकने लघवी तात्पुरती साफ होते, पण क्लिपवरचा थर शिल्लक राहतो. क्लिप पॉलिमरची असल्याने एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नका.

सिस्टोस्कोपी (मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी) करून घ्या, पण आधी ताजं कल्चर आणि त्यानुसार अँटिबायोटिक. संसर्ग असताना दुर्बीण घातली तर जंतू रक्तात शिरू शकतात. पकडचिमटा आणि होल्मियम लेझर तयार ठेवा असं आधीच सांगा, म्हणजे क्लिप सापडली तर त्याच बैठकीत निघेल. दुर्बिणीने पाहिल्याशिवाय डायलेटर (मार्ग रुंद करणारी सळई) घालू देऊ नका. जुनी ऑपरेशन नोट सोबत न्या. कॅथेटर (लघवीची नळी) काढण्यापूर्वीच्या सिस्टोग्राममध्ये (मूत्राशयात द्रव भरून काढलेल्या एक्स-रेत) गळती होती का, तेही बघा.

प्रश्नकर्ता:
क्लिप काढल्यावर लघवी सुटायला लागेल का?

प्रतिसाद:
सुटी क्लिप नुसती ओढून काढली तर सहसा नाही. जोड आकसलेला असून छेद द्यावा लागला तर ती जोखीम खरी आहे, कारण लघवी रोखणारा स्नायू लगेच खाली असतो. छेद कुठे आणि किती खोल देणार, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा. घड्याळाच्या ६ वाजताच्या बाजूला गुदाशय असतो, तिथे खोल छेद टाळतात. दरम्यान थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या.