लेचवर्थ स्टेट पार्क: मुक्काम कुठे करावा?

प्रश्न: न्यूयॉर्कच्या लेचवर्थला दोन रात्री राहायचंय, सोबत आईबाबा. तंबू बरा का?

उत्तर १: तंबूची जागा, हायबँक्स, उत्तर टोकाला, जेनेसी नदीचे तिन्ही मोठे धबधबे दक्षिणेला. पार्क 17 मैल लांब, म्हणजे रोज अर्धा तास गाडी. इथेच अंदाज चुकतो. आईबाबांसाठी ग्लेन आयरिस इन हे हॉटेल पाहा. विल्यम लेचवर्थ यांचं हे जुनं घर मधल्या धबधब्याच्या अगदी काठावर आहे. तंबू किंवा केबिनच हवी असेल तर बुकिंग 9 महिने आधी उघडतं.

उत्तर २: खालच्या धबधब्याला शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर तो सोडाच. इन्स्पिरेशन पॉइंटवरून वरचा आणि मधला एकत्र दिसतात.

उत्तर ३: शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका. प्रक्रिया न केलेलं सरपण 50 मैलांपलीकडे न्यायला राज्यात बंदी आहे, कारण त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात.